फोनो प्रीॲम्पचं किट: सुईपासून पहिल्या आयसीपर्यंत

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (टर्नटेबलच्या सुईमागच्या चुंबक-कॉइलच्या डबीतून) निघणारा सिग्नल साधारण ४ ते ५ मिलिव्होल्टचा असतो. सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो. त्यामुळे टर्नटेबल ॲम्प्लिफायरच्या 'ऑक्स'ला थेट जोडलं तर आवाज दबका येतो, बास जवळजवळ नसतो आणि 'स', 'श' तेवढे कानाला टोचतात. फोनो प्रीॲम्पला दोन कामं करायची असतात: सिग्नल सुमारे शंभरपट वाढवायचा आणि तबकडी कापताना मुद्दाम बदललेला तोल परत मूळपदावर आणायचा. माळ्यावरचं टर्नटेबल खाली काढलं की पहिली गरज याचीच पडते. हाताने सोल्डरिंग करता येत असेल तर किट घेऊन बसण्यासारखं दुसरं काम नाही.

या किटबद्दल बोलणं निघालं की गाडी लगेच 'आयसी कुठला घालायचा' यावर जाते. माझं मत ठाम आहे: आयसी ही या किटमधली सगळ्यात कमी काळजीची गोष्ट आहे. आवाज घडतो किंवा बिघडतो तो इक्वलायझेशनच्या, म्हणजे तोल परत आणणाऱ्या कपॅसिटरमध्ये, कार्ट्रिजवर पडणाऱ्या पिकोफॅरडमध्ये (बारीकशा कपॅसिटन्समध्ये) आणि ग्राउंडच्या वायरीत. वेळ तिथे घालवा.

आधी वक्र समजून घ्या

तबकडी कापताना खालचे स्वर कमी करतात, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूला गाणं मावणार नाही. वरचे स्वर वाढवतात, म्हणजे वाजवताना ते कमी केले की पृष्ठभागाची खरखरही सोबत कमी होते. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून यासाठी आरआयएए (अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) हिच्या नावाचा एकच वक्र सर्वत्र वापरला जातो. त्याचे तीन टाइम कॉन्स्टंट आहेत: ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद. वारंवारितेत बोलायचं तर ५० हर्ट्झ, ५०० हर्ट्झ आणि २१२२ हर्ट्झ. वाजवताना १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला १९.३ डेसिबल जास्त आणि २० किलोहर्ट्झला १९.६ डेसिबल कमी असं उत्तर मिळायला हवं.

किटमध्ये हे दोन तऱ्हांनी करतात. एक, वक्र सरळ करणारं रेझिस्टर-कपॅसिटरचं सगळं जाळं आयसीच्या फीडबॅकमध्ये (आउटपुटचा भाग इनपुटकडे परत नेणाऱ्या वाटेत). दुसरी, दोन आयसी-टप्प्यांच्या मधोमध निव्वळ रेझिस्टर-कपॅसिटरचं पॅसिव्ह जाळं. पहिल्यांदा बांधणाऱ्याने दुसऱ्या तऱ्हेचं किट घ्यावं. त्यात प्रत्येक भागाचं काम वेगळं दिसतं, मोजता येतं आणि सुधारता येतं. प्रत्येक चॅनलला एनई५५३२ हा एक आयसी पुरतो, कारण त्यात दोन ऑप-ॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन टप्पे असतात.

पॅसिव्ह जाळ्यात एक सिरीज रेझिस्टर असतो, त्याला आर१ म्हणू. त्यापुढे ग्राउंडकडे दोन वाटा. एकीत आर२ आणि सी१ एकामागे एक, दुसरीत एकटा सी२. हिशेब असा: आर१ गुणिले सी१ म्हणजे २१८७ मायक्रोसेकंद, आर१ गुणिले सी२ म्हणजे ७५०, आर२ गुणिले सी१ म्हणजे ३१८. सी१ भागिले सी२ कायम २.९१६ यायला हवं. किट कुठलंही असो, त्यातले आकडे या तीन गुणाकारांत घालून बघा. कोणी बाजारात सहज मिळतात म्हणून जवळपासच्या किमती घातल्या असतील तर इथेच उघडं पडतं.

सी१ साठी १०० नॅनोफॅरड धरला तर बाकीचे आकडे सुंदर जुळतात. सी२ येतो ३४.३ नॅनोफॅरड: ३३ आणि १.२ समांतर लावा, ३४.२ मिळतो. आर१ येतो २१.८७ के (किलोओहम): साधा १ टक्क्याचा २२ के चालतो, फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. फारच काटेकोर व्हायचं असेल तर त्याला ३.३ मेगोहम समांतर. आर२ येतो ३.१८ के: ३ के आणि १८० ओहम एकामागे एक.

हे जाळं १ किलोहर्ट्झला सुमारे २० डेसिबल खातं. म्हणून पहिल्या टप्प्यात ३० आणि दुसऱ्यात ३० डेसिबल लागतात. पहिल्याचा फीडबॅक ३ के आणि १०० ओहम, म्हणजे ३१ पट. दुसऱ्याचा ३३ के आणि १ के, म्हणजे ३४ पट. एकूण १ किलोहर्ट्झला ४० डेसिबलच्या किंचित वर. ५ मिलिव्होल्ट आत गेले तर अर्धा व्होल्ट बाहेर येतो आणि कुठल्याही ॲम्प्लिफायरला तेवढं पुरतं. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचं आउटपुट याच्या दहाव्या हिश्श्याएवढं असतं, त्यासाठी हे किट नाही.

१०० ओहम आणि १ के हे दोन्ही रेझिस्टर ग्राउंडला थेट जात नाहीत ना, तेही बघा. त्यांच्या पोटी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हवा: पहिल्याला ४७० मायक्रोफॅरड, दुसऱ्याला ४७. दोन्हींचा कट, म्हणजे ज्याखाली आवाज कमी होत जातो ती जागा, ३.४ हर्ट्झला पडतो. कपॅसिटर नसेल तर आयसीच्या इनपुटमधून वाहणारा बारीक बायस करंट कार्ट्रिजला समांतर असलेल्या ४७ के इनपुट रेझिस्टरवर जो दहाएक मिलिव्होल्ट डीसी तयार करतो, तो पहिल्याच टप्प्यात ३१ पट वाढतो. काही स्वस्त किटमध्ये हे कपॅसिटर गाळलेले दिसतात.

कपॅसिटर मोजूनच लावा

रेझिस्टर १ टक्क्याचे मेटल फिल्म सहज मिळतात, त्यांची चिंता नाही. कपॅसिटरवर '१०४जे' किंवा '३३३जे' छापलेलं असतं. त्यातला 'जे' म्हणजे ५ टक्के. 'के' असेल तर १०. ५ टक्के म्हणजे साधारण ०.४ डेसिबल. एका स्वराला ०.४ डेसिबल कमी-जास्त झालं तर कळत नाही, पण इथे चूक आख्ख्या सप्तकांवर पसरते आणि डावा-उजवा वेगवेगळ्या दिशेने चुकले तर गायक मधोमध उभा राहत नाही. बास डावीकडे झुकतो, वरचे स्वर उजवीकडे.

उपाय साधा आहे. नागपुरात सीताबर्डीवर 'मोदी नंबर' नावाच्या गल्ल्यांमध्ये सुटे भाग मिळतात तिथून प्रत्येक किमतीचे दहा-दहा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिन कपॅसिटर घ्या आणि कपॅसिटन्स मोजणाऱ्या एलसीआर मीटरने मोजून जोड्या लावा. डाव्या-उजव्यात १ टक्क्याच्या आत फरक हवा. खरा आकडा १०० न येता १०१ आला तरी हरकत नाही, फक्त वरच्या गुणाकारात बाकीचे आकडे तसे सरकवा. मीटर नसलं तर कपॅसिटन्स मोजणारं चांगलं मल्टिमीटरही चालेल, कारण इथे निव्वळ आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. सोल्डर केल्याबरोबर गरम कपॅसिटर मोजू नका, आकडा हललेला येतो.

दोन्ही चॅनलच्या सी१ आणि सी२ च्या या चार जागी साधा सिरॅमिक डिस्क किंवा एक्स७आर जातीचा सिरॅमिक कधीही नको. त्याची किंमत व्होल्टेजबरोबर बदलते आणि बोर्डावर टिचकी मारली तर ती स्पीकरमधून ऐकू येते. १.२ नॅनोफॅरडसाठी सी०जी किंवा एनपी०  सिरॅमिक मात्र उत्तम.

आयसीबद्दल थोडं

एलएम४५६२ चा व्होल्टेज नॉइज २.७ नॅनोव्होल्ट, एनई५५३२ चा ५. कागदावर पहिला जिंकतो. पण मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज म्हणजे अर्ध्या हेन्रीची कॉइल आहे. ५५० मिलिहेन्रीची कॉइल १० किलोहर्ट्झला सुमारे ३५ के एवढा अडथळा दाखवते, आणि आयसीचा करंट नॉइज त्या अडथळ्यावर पडून व्होल्टेज बनतो. एलएम४५६२ चा करंट नॉइज १.६ पिकोॲम्पिअर, एनई५५३२ चा ०.७. म्हणजे नेमकी जिथे खरखर ऐकू येते तिथे महागडा आयसी जास्त आवाज करतो. एनई५५३२ ठेवा, किंवा ओपीए२१३४. टीएल०७२ नको, त्याचा व्होल्टेज नॉइज १८ नॅनोव्होल्ट आहे.

खोट्या आयसींचा सुळसुळाट मात्र खरा आहे. एनई५५३२ च्या दोन्ही इनपुटमध्ये उलट-सुलट डायोड असतात. सुटा आयसी घेऊन मल्टिमीटर डायोडवर लावा, पिन २ आणि ३ मध्ये दोन्ही दिशांनी ०.६ ते ०.७ व्होल्ट दिसायला हवा. पिन ५ आणि ६ मध्येही तसंच. ४५५८ या दुसऱ्या आयसीवर नवं नाव छापलेलं असेल तर हे दिसणार नाही. दुकानात उभ्याउभ्या करता येते ही तपासणी.

पुरवठा: इथे नागपूरचा उन्हाळा लक्षात घ्या

बऱ्याच किटसोबत ७८१५ आणि ७९१५ हे (अधिक आणि उणे १५ व्होल्ट स्थिर ठेवणारे) रेग्युलेटर येतात, ट्रान्सफॉर्मर १५-०-१५. हिशेब करून बघा. १५ व्होल्टचं शिखर २१.२, त्यातून डायोडचे ०.७ गेले, उरले साडेवीस. ७८१५ ला आत किमान १७ ते साडेसतरा लागतात. घरात २३० व्होल्ट येतात तोवर ठीक. मे महिन्यात दुपारी सगळ्या गल्लीचे कूलर आणि एसी सुरू असताना व्होल्टेज १९५ च्या खाली उतरलं की रेग्युलेटर नियमन सोडतो आणि १०० हर्ट्झची घुरघुर थेट आयसीच्या पुरवठ्यात येते. लोक मग आयसी बदलत बसतात. त्याच ट्रान्सफॉर्मरवर १२ व्होल्टचे ७८१२ आणि ७९१२ लावा. १८० व्होल्टलाही आत जवळजवळ सोळा उरतात, आणि १२ व्होल्टवरही पहिला टप्पा २०० मिलिव्होल्टपर्यंतचं इनपुट न फाटता घेतो. ५ मिलिव्होल्टच्या कार्ट्रिजला एवढी जागा भरपूर झाली.

७८ आणि ७९ च्या पिना वेगळ्या असतात, इथे सर्वाधिक घोळ होतो. ७८१२ समोरून बघताना इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१२ ग्राउंड, इनपुट, आउटपुट. ७९१२ ची पाठ इनपुटला जोडलेली असते, म्हणून दोघांना एकाच पत्र्यावर अभ्रक न लावता बसवलं की शॉर्ट. या भारावर त्यांना पत्र्याची गरजही नाही, दोन्ही आयसी मिळून जेमतेम १६ मिलिॲम्पिअर ओढतात. ७९१२ च्या आउटपुटला २५ मायक्रोफॅरड किंवा जास्त इलेक्ट्रोलिटिक अगदी जवळ हवा, नाहीतर तो स्वतःच दोलन सुरू करतो. गाळणीचे कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, आणि १०५ अंशांचे घ्या. खोलीच ४२ अंशांवर असते तेव्हा बंद खोक्यातल्या ८५ अंशवाल्याचं आयुष्य झपाट्याने घटतं.

ट्रान्सफॉर्मर ऑडिओ बोर्डाच्या खोक्यात नकोच. वेगळ्या डबीत ठेवून तीन तारांची फूट-दीड फूट वायर आणा. एकाच खोक्यात ठेवून चुंबकीय हम घालवायला जे कष्ट पडतात, त्यापेक्षा दुसरी डबी स्वस्त.

जोडणी

२५ वॉटची सोल्डरिंग आयर्न, ६०/४० चं रोझिनवालं ०.८ मिलिमीटर सोल्डर, एवढंच. आधी बुटके भाग, मग उंच: रेझिस्टर, आयसी सॉकेट, छोटे कपॅसिटर, फिल्म कपॅसिटर, इलेक्ट्रोलिटिक, शेवटी वायरी. रेझिस्टरचे रंग वाचू नका, प्रत्येक मोजा. निळ्या मेटल फिल्मवर तपकिरी, लाल आणि नारिंगी सारखेच दिसतात, आणि ३ केच्या जागी ३०० ओहम बसला तर एक चॅनल दबका येतो आणि कारण सापडता सापडत नाही. इलेक्ट्रोलिटिकवरची पट्टी ऋण टोक दाखवते, बोर्डावर मात्र बहुधा धन टोकाला अधिक चिन्ह असतं. प्रत्येक आयसीच्या पिन ४ आणि ८ जवळ १०० नॅनोफॅरड बसलाय ना, बघा. बोर्डावर जागा नसेल तर खालच्या बाजूने लावा. तो लांब असेल तर आयसी मेगाहर्ट्झमध्ये दोलन करतो. कानाला ते ऐकू येत नाही, फक्त आवाज घोगरा होतो आणि आयसी कोमट लागतो.

काम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने फ्लक्स धुवून काढा. कोरड्या दिवसांत राहिलेला फ्लक्स त्रास देत नाही. पावसाळ्यात, किंवा कूलरची दमट हवा दिवसभर अंगावर येत असेल तर तो ओल धरतो आणि मधूनच फडफड, चरचर सुरू होते.

पहिल्यांदा वीज देताना आयसी सॉकेटमध्ये घालू नका. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला ४० वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावा. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक, पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग ग्राउंडच्या सापेक्ष पिन ८ ला अधिक १२ आणि पिन ४ ला उणे १२ मोजा. वीज बंद, कपॅसिटर उतरू द्या, आयसी खाचेची दिशा बघून बसवा, पुन्हा वीज. आता पिन १ आणि ७ वर डीसी मोजा. १० ते ४० मिलिव्होल्ट दिसले तर काळजी नाही. ०.१ व्होल्टच्या वर गेलं तर फीडबॅकमधला कपॅसिटर उलटा, गळका किंवा शॉर्ट समजा. दहा-बारा व्होल्ट दिसले तर बहुतेक फीडबॅक रेझिस्टरचा सांधा कच्चा आहे. हे सगळं होईपर्यंत ॲम्प्लिफायर जोडायचा नाही.

वक्र तपासायला लॅपटॉप पुरे. हेडफोन आउटपुटला २२ के आणि १०० ओहमचा विभाजक लावला की १ व्होल्टचे साडेचार मिलिव्होल्ट होतात, तेवढेच प्रीॲम्पला द्या. आउटपुट साउंड कार्डाच्या लाइन-इनमध्ये घ्या आणि रूम ईक्यू विझार्ड किंवा ऑडेसिटीवर पातळी बघा. १ किलोहर्ट्झ शून्य धरून १०० हर्ट्झला अधिक १३.१, ५०० ला अधिक २.६, २ किलोहर्ट्झला उणे २.६, ५ ला उणे ८.२, १० ला उणे १३.७ डेसिबल यायला हवेत. दोन्ही चॅनल ०.२ डेसिबलच्या आत जुळले तर काम चोख झालं. यासाठी साधं मल्टिमीटर वापरू नका. बहुतेकांचं एसी मापन काहीशे हर्ट्झच्या वर भरवशाचं नसतं.

हम: आधी ऐका, मग वायर हलवा

इथे घाई करणारे सगळ्यात जास्त फसतात. हमचे प्रकार कानाने वेगळे करता येतात. गुळगुळीत, खोल गुणगुण म्हणजे ५० हर्ट्झ: ग्राउंड लूप किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. प्रीॲम्प हातात धरून फिरवा. फिरवल्यावर कमी-जास्त झाली तर चुंबकीय, नाही झाली तर लूप. कडक, घुरघुरणारा आवाज म्हणजे १०० हर्ट्झ: पुरवठ्याची गाळणी किंवा रेग्युलेटर. आणि पंख्याचा रेग्युलेटर फिरवल्याबरोबर जी टरटर बदलते ती त्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचीच. पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद ठेवून खात्री करा. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ऐकत असाल तर टोकदार भणभण येणारच, त्यात प्रीॲम्पचा दोष नाही.

ग्राउंडची मांडणी अशी ठेवा. दोन्ही आरसीए इनपुट सॉकेट धातूच्या खोक्यापासून प्लास्टिकच्या वॉशरने वेगळे. त्यांचं ग्राउंड बोर्डावर. बोर्डाचं ग्राउंड एकाच जागी खोक्याला, १० ओहम रेझिस्टरमधून. टर्नटेबलची सुटी हिरवी वायर खोक्याच्या स्क्रूला. खोक्याला आणि ट्रान्सफॉर्मरच्या डबीला तीन पिनी प्लगचं अर्थ. हम जावा म्हणून प्लगची अर्थ पिन कोणी काढायला सांगितली तर ऐकू नका. ट्रान्सफॉर्मरच्या डबीत २३० व्होल्ट आहेत.

अर्थ मात्र खरोखर हवं. नागपूरच्या महाल, इतवारीतल्या जुन्या घरांमध्ये तीन पिनी सॉकेट असतं, पण मागे अर्थची तार कुठेच जात नाही. नव्या घरातही अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो. काळी माती सुकून भेगाळली की इलेक्ट्रोडभोवती पोकळी राहते आणि रोध वाढतो. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटरने एक-दोन व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसत असेल तर वायरमनला बोलवा आणि खड्ड्यात पाणी सोडत जा. प्रीॲम्प, ॲम्प्लिफायर आणि टर्नटेबल एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर, आणि कूलर त्यावर अजिबात नाही. कूलर चालू-बंद करताना स्पीकरमधून 'टक' येत असेल तर त्याच्या स्विचवर एक्स२ दर्जाचा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि सोबत १०० ओहम सिरीजमध्ये लावून घ्या, तेही वायरमनकडूनच.

हमसोबत बारीक आवाजात बातम्या ऐकू येऊ लागल्या तर चक्रावू नका. मध्यम लहरींवर आकाशवाणी नागपूरचं ५८५ किलोहर्ट्झचं प्रक्षेपण ताकदीचं आहे, आणि पहिल्या ऑप-ॲम्पचं इनपुट अशा लहरी पकडून त्यांचा डिटेक्टर बनू शकतं. इनपुट सॉकेटलाच वायरीत एक फेराइट बीड ओवा, बोर्डावर इनपुटला असलेला छोटा कपॅसिटर आयसीच्या पिनजवळ आणा, खोक्याचं झाकण धातूचं ठेवा. ॲल्युमिनिअमचं खोकं रेडिओ थांबवतं, ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र थांबवत नाही. त्यासाठी लोखंडी पत्रा लागतो, आणि बिस्किटाचा पत्र्याचा डबा ते काम झकास करतो. चुंबक चिकटतो का एवढं बघा, बरेचसे स्टेनलेस स्टीलचे डबे त्यात नापास होतात.

पिकोफॅरड

इनपुटला ४७ केच्या समांतर १०० किंवा २२० पिकोफॅरडचा कपॅसिटर असतो. डोळे झाकून तो लावू नका. ऑडिओ-टेक्निका एटी-व्हीएम९५ई (पुढे ९५ई) या कार्ट्रिजला एकूण १०० ते २०० पिकोफॅरड हवेत, ऑर्टोफॉन २एम रेडला १५० ते ३००. या एकूणात टर्नटेबलच्या आर्ममधली तार आणि आरसीए केबलही धरायची, आणि ती दोन्ही मिळून बहुधा १५० च्या आसपास जातात. कार्ट्रिजच्या तारा काढून केबलचं मधलं टोक आणि जाळी यांत मोजा. कार्ट्रिज जोडलेलं ठेवून मोजलंत तर आकडा निरर्थक येतो.

९५ई ची कॉइल ५५० मिलिहेन्री. १५० पिकोफॅरडशी तिचा अनुनाद साडेसतरा किलोहर्ट्झला येतो आणि ४७ के त्याला जवळपास सपाट ठेवतो. त्यात बोर्डावरचे २२० घाला, एकूण ३७० झाले की अनुनाद ११ ला येतो. कागदावरच ९ किलोहर्ट्झपाशी दोन-अडीच डेसिबलचा फुगवटा आणि पुढे तीव्र उतार. कानाला ते सुरुवातीला 'खुललेलं' वाटतं. अर्ध्या तासाने हार्मोनियम कर्कश होतो, गायिकेचा 'स' शिट्टीसारखा लांबतो आणि तानपुऱ्याची जवारी मात्र कोरडी पडते, कारण तिचे वरचे स्वर ११ च्या पुढे हरवलेत. लोक याला आयसीचा स्वभाव म्हणतात. दोन रुपयांचा कपॅसिटर काढला की जातो.

ऐकताना

पहिल्यांदा रेकॉर्ड न लावता ऐका. सुई हवेत, आवाज नेहमीच्या पातळीला. ऐकण्याच्या जागेवरून काहीही ऐकू येऊ नये, स्पीकरला कान लावल्यावर मऊ, एकसंध सरसर चालेल. सुई खाचेत पण गाणं सुरू व्हायच्या आधी जो आवाज येतो तो तबकडीचा, आणि चांगल्या प्रीॲम्पमध्ये तो स्वतःच्या आवाजापेक्षा स्पष्ट मोठा असतो.

मग शास्त्रीय गायनाची ओळखीची एलपी. विलंबित असेल तर उत्तम. डग्ग्याचा घुमारा घोटून येतो की नुसता थप्प, ते ऐका. तो भोंगळ, लांबणारा असेल तर सी१ कमी भरतोय किंवा आर२ कमी आहे. वसंतराव देशपांड्यांसारख्यांच्या चपळ तानेत प्रत्येक स्वर सुटा लागतो का, आणि तानेत आवाज डावी-उजवीकडे सरकतो का, ते बघा. सरकला तर वर सांगितलेल्या जोड्या पुन्हा मोजा. एलपीच्या शेवटच्या, आतल्या गाण्यावर 'स' फाटत असेल तर प्रीॲम्पला दोष देण्याआधी सुईचा दाब तपासा. ९५ई ला २ ग्रॅम.

आपल्याकडच्या बऱ्याच एलपी टिनाच्या छपराखाली उन्हाळे काढून वाकलेल्या असतात. त्या लावल्या की आवाजात काही नसताना वूफरचा पडदा आतबाहेर डोलतो. अशा वेळी पहिल्या टप्प्यातला ४७० मायक्रोफॅरड बदलून १०० लावा. कट १६ हर्ट्झला सरकतो, २० हर्ट्झला दोनच डेसिबल जातात, ५० ला अर्ध्याहूनही कमी, आणि डोलणं बरंच शमतं.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांचं काय, हा पुढचा प्रश्न असतो. त्यातल्या बहुतेक आरआयएएवर कापलेल्या नाहीत. सुई वेगळी लागते, ६५ ते ७५ मायक्रॉनच्या गोल टोकाची. एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते. वक्रही वेगळा: बहुतेकांचा बास २५० ते ३०० हर्ट्झपासून वळतो आणि वरच्या स्वरांना जुन्या तबकड्यांत वाढ दिलेलीच नसते, म्हणून आरआयएएवर त्या ढोबळ आणि मुक्या वाटतात. वरच्याच जाळ्यात हे जमतं. एक टॉगल स्विच लावा जो सी२ चं ग्राउंडकडचं टोक सोडेल आणि सी१ ला आणखी १०० नॅनोफॅरड समांतर जोडेल. दोन्ही चॅनल धरून चार पोलचा लागेल. आर२ गुणिले सी१ आता ६३६ मायक्रोसेकंद होतं, म्हणजे वळण २५० हर्ट्झला, आणि वरची कपात जाते. पातळी थोडी वाढते, म्हणून स्विच फिरवताना आवाज शून्यावर. वायरी दोन इंचांपेक्षा लांब नकोत. त्याशिवाय आउटपुटला डावा-उजवा प्रत्येकी १ केमधून एकत्र करणारा मोनो स्विच द्या. ७८ च्या खाचेत गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं. दोन्ही चॅनल एकत्र केले की उभ्या हालचालीची खरखर एकमेकांना खोडते आणि लाखेच्या तबकडीचा आवाज लक्षात येईल इतका निवळतो.